तालुक्याच्या कॉलेजात बसून शोधलेख कसा मिळवायचा

मी तालुक्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी वरूडकडची एक मुलगी आमच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होती. विषय वनस्पतिशास्त्र. घरी संत्र्याची बाग, आणि प्रकल्पाचा विषयही तिने घरचाच घेतला होता: आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहाराची, फळगळ. गाईडने चिठ्ठीवर तीन संदर्भ लिहून दिले. त्यातला एक लेख मिळवायला ती एसटीने नागपूरला गेली. तिथल्या एका ग्रंथालयात कॉलेजचं पत्र नाही म्हणून आत सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात प्राचार्यांचं पत्र घेऊन ती पुन्हा गेली आणि सहा पानांची झेरॉक्स घेऊन शेवटच्या गाडीने परत आली. तोच लेख भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संकेतस्थळावर पूर्ण आणि फुकट होता. आमच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मला तो चार-पाच मिनिटांत सापडला, पण ती जाऊन आल्यावर. तिने मला विचारलं नव्हतं, कारण लायब्ररीत पुस्तकंच मिळतात असं तिला वाटत होतं. तिला तसं वाटतंय हे मला कळलं नव्हतं, ही माझी चूक. त्यानंतर दर वर्षी प्रकल्पाच्या विद्यार्थ्यांना मी जे सांगत आलो, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी कागद

मुलं येतात आणि म्हणतात, "सर, गुगलवर काहीच भेटून नाही राहिलं." मी विचारतो, काय टाकलं होतं? उत्तर असतं: "संत्रा माहिती." एवढ्यावर कोणीच काही शोधू शकणार नाही. म्हणून कॉम्प्युटरला हात लावण्याआधी वहीच्या एका पानावर आपला प्रश्न एका पूर्ण वाक्यात लिहा. 'संत्रा' हा विषय झाला. 'आंबिया बहारात पावसाळ्याच्या शेवटी फळं का गळतात आणि ती गळ कशाने कमी होते' हा प्रश्न झाला. प्रश्नात पीक आहे, काळ आहे, अडचण आहे आणि उपाय आहे. या चारांपैकी प्रत्येकासाठी आता शब्द गोळा करायचे.

खरी मेहनत इथेच आहे, आणि आपल्याकडची बहुतेक मुलं इथेच अडतात. घरात आपण फळगळ म्हणतो, शोधलेखात तिला 'फ्रूट ड्रॉप' म्हणतात. आपण संत्रा म्हणतो, शास्त्रज्ञ 'नागपूर मॅन्डरिन' म्हणतात, आणि लॅटिन नाव 'सिट्रस रेटिक्युलाटा'. कपाशीचंही तसंच. गुलाबी बोंडअळीला इंग्रजीत 'पिंक बोलवर्म' म्हणतात आणि शास्त्रीय नाव 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला'. लॅटिन नावाचा मोठा फायदा असा की चीन, अमेरिका, पाकिस्तान, कुठल्याही देशातल्या लेखात ते एकच असतं. किडी, रोग, झाडं, जनावरं यांच्याबद्दल शोधत असाल तर लॅटिन नाव माहीत असल्याशिवाय शोधाला बसूच नका.

हे शब्द कुठे मिळतील? मराठी विश्वकोश उघडा. तो ऑनलाइन फुकट आहे आणि बहुतेक कॉलेजांच्या लायब्ररीत छापील खंडही असतात. वनस्पती आणि प्राण्यांवरच्या नोंदींच्या सुरुवातीलाच कंसात हिंदी, इंग्रजी आणि लॅटिन नावं दिलेली असतात. अनेक मुलं ती ओळ वाचतच नाहीत, आणि शोध घेणाऱ्याला तर त्याच ओळीची गरज असते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य यांच्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, तेही ऑनलाइन बघता येतात. शेतीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कृषी संवादिनी घरी असेल तर तीही काढा. औषधांची आणि रोगांची नावं तिथून उचलता येतात.

वहीत प्रत्येक कल्पनेसमोर दोन-तीन पर्यायी शब्द लिहिले की शोधाची अर्धी तयारी झाली. जुनी नावंही लिहून ठेवा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जुन्या लेखांत 'नॅशनल रिसर्च सेंटर फॉर सिट्रस' या नावाने भेटते. अकोल्याचं विद्यापीठ जुन्या लेखांत नुसतं 'पंजाबराव कृषी विद्यापीठ' असतं, तर नागपूर विद्यापीठाच्या नावात 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज' नंतर आलं. एकाच नावाने शोधलं तर अर्धं काम नजरेआड राहतं.

शोधलेख कोणता, व्यवसायाचा लेख कोणता

गाईड म्हणतात, "पाच रिसर्च पेपर आणि दोन ट्रेड आर्टिकल आणा." मुलगा वर्तमानपत्राची सात कात्रणं घेऊन येतो. हा गोंधळ मला दर वर्षी दिसतो, आणि त्यात मुलाचा दोष नाही. कोणी फरक समजावून सांगितलेलाच नसतो.

शोधलेख म्हणजे संशोधकाने स्वतः केलेल्या कामाचा अहवाल. तो शोधपत्रिकेत छापून येतो. छापण्याआधी त्याच विषयाचे दुसरे तज्ज्ञ तो वाचतात, चुका काढतात, दुरुस्त करायला लावतात किंवा परत पाठवतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. लेखकांच्या नावांखाली संस्थांची नावं असतात. सुरुवातीला सारांश असतो. प्रयोग कसा केला, किती झाडं घेतली, किती वर्षं घेतली, हे सांगणारा भाग असतो. शेवटी संदर्भांची लांब यादी असते. पुष्कळदा पहिल्या पानावर लेख कधी आला आणि कधी स्वीकारला त्या तारखाही असतात. रिव्ह्यू लेख नावाचा एक प्रकार आहे. त्यात नवा प्रयोग नसतो, त्या विषयावर आजवर झालेल्या कामाचा आढावा असतो. नव्या विद्यार्थ्याने सुरुवात अशा लेखापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. एका लेखात पन्नास लेखांचा पत्ता मिळतो.

व्यवसायाचं नियतकालिक त्या धंद्यातल्या लोकांसाठी निघतं. त्यात भाव, यंत्रं, सरकारी निर्णय, निर्यात, यशस्वी शेतकऱ्यांचे अनुभव असतात. लिहिणारे पत्रकार, अधिकारी, व्यापारी, कधी शास्त्रज्ञही. इंडियन टेक्स्टाइल जर्नल १८९० पासून निघतं, कापडधंद्याचं ते जुनं मासिक आहे. कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचं साप्ताहिक कापसाचे भाव आणि आवक सांगतं. आपल्याकडे ॲग्रोवन आहे, कृषी विभागाचं शेतकरी मासिक आहे, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची इंडियन फार्मिंग आणि हिंदी खेती ही मासिकं आहेत. पर्यावरणासाठी डाऊन टू अर्थ.

दोन्हींची गरज वेगळी. फळगळ का होते, याला शोधलेख हवा. यंदा आंबिया बहाराला भाव काय मिळाला, किती वेअर हाऊस चालू आहेत, बांगलादेशला माल जातो की नाही, याला व्यवसायाचं नियतकालिक हवं, कारण शोधलेख छापून येईपर्यंत तो हंगाम कधीच संपलेला असतो. बी.कॉम.च्या मुलाने जिनिंग-प्रेसिंगवर प्रकल्प घेतला तर त्याचं निम्मं साहित्य व्यवसायाच्याच नियतकालिकांत असणार आहे. त्यात कमीपणा मानू नये. एक मात्र बघा: लेखाशेजारी कोणाची जाहिरात आहे. एखाद्या औषधाची तारीफ असलेल्या लेखासमोरच त्या औषधाच्या कंपनीचं पान असेल, तर त्यातला दावा दुसरीकडे पडताळून मगच वापरा.

एकाच अंकात दोन्ही प्रकार असू शकतात, हेही लक्षात असू द्या. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली हे १९६६ पासून निघणारं साप्ताहिक घ्या. त्यातले स्पेशल आर्टिकल हे शोधलेख, पण संपादकीय आणि पत्रं तशी नाहीत. साप्ताहिकाचं नाव मोठं म्हणून त्यातला प्रत्येक मजकूर शोधलेख ठरत नाही.

लायब्ररीत काय मागायचं

आता कॉलेजच्या लायब्ररीत या. कपाटातल्या बांधीव अंकांकडे आधी एक नजर टाका. जुन्या कॉलेजांत वीस-तीस वर्षांचे अंक पुठ्ठ्यात बांधून ठेवलेले असतात आणि त्यातले बरेच इंटरनेटवर नसतात. त्यानंतर ग्रंथपालांना सरळ शब्दांत विचारा: "सर, मला एन-लिस्टचा आयडी पाहिजे." हे वाक्य पाठ करून या.

एन-लिस्ट ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची योजना. आपल्यासारख्या कॉलेजांना विद्यापीठांसारखीच ई-साधनं मिळावीत म्हणून ती २०१० मध्ये सुरू झाली. कॉलेज वर्षाची ठरावीक फी भरतं आणि त्या बदल्यात ६,००० हून अधिक शोधपत्रिका आणि लाखभराहून जास्त ई-पुस्तकं उघडतात. कॉलेजने फी भरली असेल तर विद्यार्थ्याला एक रुपयाही लागत नाही. पण विद्यार्थी स्वतः नोंदणी करू शकत नाही. ग्रंथपालांनी तुमचं नाव आणि ईमेल यादीत टाकावं लागतं, मग ईमेलवर आयडी आणि पासवर्ड येतो. तो पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतो, तिथे बघा. ईमेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याने किंवा मोठ्या भावाने काढून दिलेला, पासवर्ड माहीत नसलेला ईमेल दिला की पुढे सगळं अडतं. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

आत शिरताना एक चूक जवळपास सगळे करतात. गुगलवरून थेट प्रकाशकाच्या पानावर जातात, तिथे तीस-चाळीस डॉलर मागितलेले दिसतात आणि हात टेकतात. आपलं कॉलेज कोण आहे हे त्या प्रकाशकाला ठाऊकच नसतं. आधी एन-लिस्टच्या पानावर लॉगिन करा, तिथल्या ई-साधनांच्या यादीतून ती पत्रिका किंवा तो प्रकाशक निवडा आणि तिथून आत जा. मग तेच पान उघडतं. कोणत्या वर्षी कोणत्या पत्रिका आहेत ती यादी बदलत असते, म्हणून सीनियरच्या सांगण्यावर न जाता चालू यादी बघा.

दुसरी योजना नवी आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० शोधपत्रिका. केंद्र आणि राज्य सरकारच्या शिक्षणसंस्थांसाठी ती आहे आणि तिचंही काम इन्फ्लिबनेटच बघतं. तुमचं कॉलेज शासकीय असेल, किंवा बहीण-भाऊ शासकीय कॉलेजात वा विद्यापीठाच्या विभागात शिकत असतील, तर तिथल्या ग्रंथपालांना या योजनेबद्दल आवर्जून विचारा. कृषी महाविद्यालयांसाठी सेरा नावाची वेगळी व्यवस्था २००७ च्या सुमारापासून आहे.

आयडी मिळाल्यावर दोन पथ्यं पाळा. पासवर्ड मित्राला देऊ नका. आणि एका बैठकीत शंभर पीडीएफ उतरवून घेऊ नका. असं घाऊक डाउनलोडिंग दिसलं की प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा प्रवेश थांबवू शकतो, आणि त्याचा भुर्दंड पुढच्या मुलांना बसतो.

शोधपेटीत काय टाइप करायचं

गुगल स्कॉलर हे साध्या गुगलपेक्षा वेगळं पान आहे, त्यात मुख्यतः शोधलेख, प्रबंध आणि पुस्तकं येतात. वहीतले शब्द आता रोमन लिपीत तिथे टाका. पूर्ण वाक्य टाकू नका.

दोन शब्द एकत्रच हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका: "फ्रूट ड्रॉप". नाहीतर फ्रूट वेगळं आणि ड्रॉप वेगळं शोधलं जातं आणि ठिबक सिंचनाचे लेख येऊन पडतात. पर्यायी शब्दांमध्ये ऑर लिहा, कॅपिटल अक्षरांत: "नागपूर मॅन्डरिन" ऑर "सिट्रस रेटिक्युलाटा". नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा. 'सिट्रस' टाकल्यावर लिंबाचेच लेख जास्त येऊ लागले तर 'लेमन'च्या आधी वजा. वजाचं चिन्ह आणि शब्द यांच्यात मोकळी जागा सोडू नका.

आमच्या त्या मुलीसोबत बसून मी शोधलं तेव्हा पहिल्या वेळी हजारो निकाल आले. "नागपूर मॅन्डरिन" आणि "फ्रूट ड्रॉप" अवतरणात घातल्यावर ते आवाक्यात आले. पहिल्या पाच लेखांचे सारांश वाचताना तिला नवे शब्द सापडले: 'स्टेम-एंड रॉट', 'जिबरेलिक ॲसिड', 'प्री-हार्वेस्ट'. ते वहीत उतरवून घेतले आणि पुन्हा शोधलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की गळ तीन प्रकारची आहे: झाडाच्या अंतर्गत कारणांनी होणारी, बुरशीमुळे होणारी आणि किडींमुळे होणारी. तिचा प्रश्न त्या दुपारी लहान झाला, त्याला धार आली. तिने बुरशीची गळ तेवढी घेतली. शोध असाच चालतो, दोन-तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत हवं ते मिळालं नाही म्हणून विषय बदलायला धावू नका.

प्रत्येक निकालाखाली 'सायटेड बाय' आणि पुढे आकडा असतो. त्यावर क्लिक केलं की हा लेख पुढे कोणी कोणी वापरला ते दिसतं, म्हणजे जुन्या लेखापासून आजच्या कामापर्यंत येता येतं. लेखाच्या शेवटच्या संदर्भयादीतून मागे जाता येतं. एक चांगला लेख हाती लागला की या दोन वाटांनी उरलेले बहुतेक लेख सापडतात. मी स्वतः शोधपेटीपेक्षा या वाटांवर जास्त वेळ घालवतो. डावीकडे वर्षाची निवड असते. 'ऑल व्हर्जन्स'वर क्लिक केलं तर त्याच लेखाची फुकट प्रत दुसऱ्या एखाद्या ठिकाणी असल्यास दिसते.

मोबाइलवरही हे सगळं होतं. यादी बघायची आणि सारांश वाचायचे ते घरी मोबाइलवर करा, मोठ्या पीडीएफ कॉलेजच्या वायफायवर उतरवा. दुपारी लाईन जाते, म्हणून सकाळी या.

लेखाला कुलूप असेल तर

पैसे भरू नका. आतापर्यंत मी एकाही विद्यार्थ्याला लेख विकत घ्यायला सांगितलेलं नाही.

आधी फुकट दालनं बघा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पत्रिका, त्यात १९३१ पासूनची इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस आली, परिषदेच्या ई-प्रकाशन संकेतस्थळावर मोफत आहेत. कधी फक्त नोंदणी करावी लागते. डीओएजे ही जगभरच्या खुल्या शोधपत्रिकांची यादी २००३ पासून चालते. आरोग्य, औषधी वनस्पती, कीटकनाशकांची विषबाधा अशा विषयांसाठी पबमेड सेंट्रल. इतिहास, साहित्य, समाजशास्त्रासाठी जेस्टोर. तिथे स्वतःचं मोफत खातं उघडलं तर कॉलेजच्या आयडीशिवायही महिन्याला शंभर लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात, फक्त उतरवून घेता येत नाहीत.

तिथेही नसेल तर लेखकाला पत्र लिहा. लेखाच्या पहिल्या पानावर, आणि सारांशाच्या पानावरही, मुख्य लेखकाचा ईमेल असतो. मुलं घाबरतात: "एवढा मोठा सायंटिस्ट, आपल्याला काय उत्तर देईल?" देतात. तीन ओळी पुरतात. मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, अमुक प्रकल्प करते आहे, आपल्या अमुक वर्षाच्या अमुक लेखाची प्रत अभ्यासासाठी हवी आहे. 'रिस्पेक्टेड सर' किंवा 'मॅडम'ने सुरुवात करा, खाली स्वतःचं नाव आणि कॉलेज लिहा. आपलं काम वरूडच्या एखाद्या पोरीला हवं आहे हे वाचून बहुतेकांना आनंदच होतो. आठवडाभर वाट बघा आणि एकदाच आठवण करून द्या.

शेवटचा मार्ग आंतरग्रंथालयीन देवघेव. डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं दिल्लीत १९८८ मध्ये सुरू झालं. कॉलेज सभासद असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून लेखाची प्रत मागवता येते. नसेल तर ग्रंथपाल ओळखीच्या ग्रंथपालाला फोन करू शकतात. आम्ही एकमेकांना असे लेख पाठवत असतो. आणि खरंच नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला जायचीच वेळ आली तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र, ओळखपत्र आणि त्या ग्रंथालयाची वेळ फोन करून विचारलेली, एवढं झाल्याशिवाय एसटीत बसू नका.

प्रबंधाचं दुसरं प्रकरण

शोधगंगा या नावाची खाण आपल्याकडे आहे आणि ती कमी वापरली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध तिथे ऑनलाइन ठेवले जाऊ लागले. अमरावतीच्या आणि नागपूरच्या विद्यापीठांचे प्रबंधही तिथे आहेत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यांवर, आपल्याच नद्यांवर, आपल्याच बाजार समित्यांवर कोणीतरी चार-पाच वर्षं केलेलं काम. मराठीतले प्रबंधही आहेत, ते देवनागरीत शोधूनही पाहा. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी कृषिकोश.

शोधगंगेवर प्रबंध प्रकरणांप्रमाणे वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. दुसरं प्रकरण पुष्कळदा पूर्वसाहित्याच्या आढाव्याचं असतं. तेवढंच उतरवा. त्या संशोधकाने वाचलेले शे-दोनशे लेख तिथे विषयवार लावलेले मिळतात. त्यातले आपल्या कामाचे निवडा आणि मूळ लेख शोधून स्वतः वाचा. प्रबंधातली वाक्यं उचलून आपल्या प्रकल्पात टाकू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपेक्षा जास्त साम्य निघालं तर कारवाई होते. आणि मूळ लेखात काय म्हटलं आहे हे न वाचता लिहिलं तर दुसऱ्याची चूक आपल्या नावावर येते.

भाव आणि कात्रणं

व्यवसायाची बाजू थोडक्यात सांगतो. बाजारभावांसाठी केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट आहे, तिथे बाजार समितीनुसार आणि तारखेनुसार भाव काढता येतात. कापसासाठी भारतीय कापूस महामंडळ आणि कॉटन असोसिएशन यांची पानं. वर्तमानपत्रं लायब्ररीत येतातच. त्यातली कात्रणं घेताना तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक कात्रणावरच लिहा. अकोला आवृत्तीतली बातमी नागपूर आवृत्तीत नसते आणि नंतर ती कोणालाच सापडत नाही.

फसव्या पत्रिका

व्हॉट्सॲपवर जाहिरात येते: तीन दिवसांत पेपर प्रकाशित, हजार-दीड हजार रुपये, प्रमाणपत्र सोबत. तज्ज्ञांनी लेख वाचून तपासायला आठवडे-महिने लागतात, तीन दिवसांत ते होत नाही. अशा ठिकाणी छापलेल्या लेखाचा संदर्भही घेऊ नका. आयएसएसएन आहे म्हणून पत्रिका चांगली असं मुलं समजतात. तो फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, त्याचा दर्जाशी संबंध नाही. पूर्वी मान्य पत्रिकांची यूजीसी-केअर यादी बघून निर्णय करता येत असे, पण ती २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'यूजीसी-केअर लिस्टेड' असं अजूनही छापणाऱ्यांपासून दूर राहा. आता आपणच तपासायचं. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या संस्थेत आहेत का, जुने अंक उघडतात का, एकाच अंकात संत्रा, कबीर आणि बँकिंग असं सगळं आहे का. शंका आली तर ग्रंथपालांना किंवा गाईडला दाखवा.

वाचायचं कसं, लिहून काय ठेवायचं

इंग्रजी शोधलेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला बसाल तर दुसऱ्या पानावर थकाल. शीर्षक, सारांश, मग शेवटचा निष्कर्ष, मग आकृत्या आणि तक्ते, आणि उपयोगाचा वाटला तरच बाकीचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी मोबाइलवर अनुवाद करून वाचायला हरकत नाही, पण संज्ञा स्वतः तपासा. 'फ्रूट ड्रॉप'चा अनुवाद 'फळाचा थेंब' झालेला मी एका प्रकल्पात पाहिला आहे, आणि तो तसाच छापून, बाइंडिंग होऊन आला होता.

लेख उघडा असतानाच वहीत लिहा: लेखक, वर्ष, लेखाचं नाव, पत्रिका, खंड, अंक, पानं आणि डीओआय. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा क्रमांक, पत्ता बदलला तरी त्यावरून लेख सापडतो. हे 'नंतर लिहू' म्हणून राहिलं की सबमिशनच्या आदल्या रात्री पानांचे आकडे शोधत बसावं लागतं. कॉम्प्युटर हाताशी असेल तर झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर ही नोंद स्वतः ठेवतं आणि यादीही तयार करून देतं. पीडीएफ फाइलला लेखकाचं आडनाव आणि वर्ष असं नाव द्या. 'डाउनलोड १७' नावाची फाइल पुन्हा उघडून बघावी लागते.

ग्रंथपालाकडे येताना

वहीतलं ते एक वाक्य, शब्दांची यादी आणि आधी काय शोधून पाहिलं ते घेऊन या. गाईडने दिलेला संदर्भ अर्धवट असला, नुसतं आडनाव आणि वर्ष असलं, तरी चालतं. त्यावरून लेख काढणं हे आमचं कामच आहे. पेन ड्राइव्ह आणा, ईमेलचा पासवर्ड आठवून या. परत जायची गाडी कितीला आहे ते आधीच सांगा, म्हणजे त्याप्रमाणे काम उरकता येतं. परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे गर्दी असते, म्हणून विषय ठरला त्याच आठवड्यात या. एन-लिस्टचा आयडी त्याच दिवशी मागा, कारण कॉलेज सोडलं की तो बंद होतो.